टोकिना १०-१७ फिशआय : मालवणात तीन हंगाम, मामांच्या विहिरीत दोन उन्हाळे

पाण्याखाली फोटो काढायला ही फिशआय, म्हणजे कडेच्या रेषा वाकवून खूप रुंद बघणारी लेन्स घेतली. ती घरी आली त्या दिवशी पहिला फोटो चादरीचा काढला. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे यंत्रमाग आहेत आणि टॉवेल-चादरींच्या कॅटलॉगचे फोटो काढणं हा माझा रोजचा धंदा. कुठलीही नवी लेन्स आली की गच्चीवर दोरीला एक डबल चादर ताणून लावायची आणि तिचे काठ बघायचे, ही माझी जुनी सवय. काठ मागावर सरळच विणलेला असतो, तेव्हा फोटोत तो वाकला तर लेन्सनंच वाकवला. टोकिनाच्या १० मिलिमीटरला चारी काठ बाहेर फुगले, चादर उशीसारखी दिसायला लागली. मधोमध गेलेली पट्टी मात्र ताठच्या ताठ. कॅमेरा जरा वर उचलला तर ती पट्टी वाकली आणि तिच्या वरची सरळ झाली. फिशआयचा मुख्य कायदा हाच : चित्राच्या मध्यातून जाणारी रेष सरळ राहते, मध्यापासून जितकी लांब तितकी जास्त वाकते.

हे एकदा डोळ्यांनी बघून घेतलं की समुद्रात काही अडत नाही. प्रवाळाला, खडकाला, माशांच्या थव्याला कुठं आलाय सरळ काठ? तिथं ही वाक कुणाच्या लक्षातही येत नाही. तरणतलावात मात्र येते, त्याबद्दल पुढं सांगतो.

माझा कॅमेरा निकॉन डी७२००. त्याचं हाउसिंग, म्हणजे कॅमेरा पाण्यात न्यायचा बंद डबा, पुण्यातल्या एका डायव्हरकडून जुनं घेतलं आणि ही लेन्सही जुनीच, चोवीस हजारांना. टोकिनाची ही झूम एपीएस-सी, म्हणजे डी७२०० सारख्या लहान सेन्सरसाठी बनवलेली आहे. १० मिलिमीटरला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत १८० अंश, १७ ला साधारण १०० अंश. वजन ३५० ग्रॅम. निकॉनवाल्यांनी एक गोष्ट घेण्याआधी बघायचीच : निकॉन माउंटच्या या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, फोकस फिरवायला कॅमेऱ्यातली मोटर लागते. डी७२०० मध्ये ती आहे. डी३००० किंवा डी५००० मालिकेतला कॅमेरा असेल तर ऑटोफोकस चालणार नाही, आणि पाण्याखाली बंद डब्यातून हातानं फोकस करणं किती अवघड ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. कॅननवाल्यांना ही अडचण येत नाही.

यापूर्वी मी एक १०-२० ची साधी वाइड झूम आणि आठ इंची डोम, म्हणजे हाउसिंगच्या तोंडावरचं गोल फुगीर पारदर्शक झाकण, वापरत होतो. साधी म्हणजे सरळ रेष सरळच ठेवणारी. ती घेऊन पहिल्यांदा मालवणला गेलो तेव्हा माझी समजूत अशी, की वाइड लेन्स म्हणजे जास्त काहीतरी मावणारी लेन्स. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ उतरलो, समोर खडकावर छान प्रवाळ, वर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे. सगळं मावावं म्हणून चांगला दहा-बारा फूट मागं सरकलो आणि धडाधड फोटो काढले. रात्री खोलीवर लॅपटॉपवर बघतो तर सगळे फोटो हिरव्या धुक्यातले. मासे म्हणजे करडे ठिपके, प्रवाळाला रंगच नाही.

मालवणचं पाणी चांगल्या दिवशीही पाच-सात मीटर दाखवतं. त्यातले तीन-चार मीटर मी स्वतःच कॅमेरा आणि विषय यांच्या मधे घातले होते. पाणी लाल रंग आधी खातं, पाच-सहा मीटरच्या वाटेत तो जवळपास संपतो, आणि ती वाट मोजायची तर प्रकाशाची जाऊन-येऊन मोजायची. गाळाचे कण वेगळेच. पाण्याखाली वाइड लेन्सचं खरं काम हे, की तुम्ही विषयाला नाक लावण्याइतके जवळ जावं आणि तरीही तो पुरा मावावा. मधलं पाणी जेवढं कमी कराल तेवढा रंग आणि तेवढी धार परत मिळते. मला हे समजायला एक अख्खा हंगाम गेला आणि त्यानंतरच मी फिशआयकडं वळलो.

जुन्या लेन्सला जवळ जाता येत नव्हतं का? येत होतं, पण कोपरे साथ देत नव्हते. याचं कारण डोममध्ये आहे. कॅमेऱ्यापुढं सपाट काच लावली तर पाण्यातून हवेत येताना किरण वळतो, वस्तू एक चतुर्थांश जवळ आल्यासारखी आणि त्या प्रमाणात मोठी दिसते, म्हणजे तुमच्या वाइड लेन्सचा कोन आकसतो. सपाट काचेतून पाण्यात ९७ अंशांपलीकडं बघताच येत नाही, मग लेन्स केवढीही रुंद असो. म्हणून गोल डोम. त्यातून किरण न वळता सरळ मध्याकडं येतात आणि कोन टिकतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. डोमसमोरचं पाणी स्वतःच एक लेन्स बनतं, आणि क्षितिजापर्यंतचं सगळं दृश्य डोमच्या पुढं, त्याच्या त्रिज्येच्या साधारण तिप्पट अंतरावर, एका वाकड्या पडद्यावर येऊन बसतं. कॅमेरा खऱ्या माशावर फोकस करतच नाही, त्या पडद्यावरच्या माशावर करतो. डोमची त्रिज्या दहा सेंटिमीटर असेल तर तो पडदा काचेपुढं हातभरही नाही, जेमतेम तीस सेंटिमीटरवर. पाच सेंटिमीटर असेल तर पंधरावर. लेन्सला तेवढ्या जवळचं फोकस जमलं पाहिजे, आणि पडदा वाकडा असल्यामुळं मध्य धारदार आला तरी कोपरे ओघळतात. सरळ रेषा जपणाऱ्या लेन्सला हा त्रास फार. तिचं छिद्र एफ/११, एफ/१३ पर्यंत आवळा आणि मोठाच डोम लावा, तेव्हा कुठं कोपरे जागेवर येतात.

फिशआय स्वतःच वाकडं बघणारी, तिची या वाकड्या पडद्याशी जुळणी चांगली होते. टोकिना तर सेन्सरपासून १४ सेंटिमीटरवरही फोकस करते, म्हणजे लेन्सच्या पुढच्या काचेपासून जेमतेम एक-दीड बोट. त्यामुळं तिला चार इंची छोटा डोम चालतो, आणि या लेन्सचं निम्मं सुख त्या छोट्या डोममध्ये आहे. आठ इंची डोममध्ये एवढी हवा असते, की कॅमेरा सतत नाक वर करतो. चाळीस मिनिटांच्या डाइव्हनंतर माझी मनगटं भरून यायची. चार इंची डोम पाण्यात हातात आहे की नाही हेही जाणवत नाही. खडकाच्या खोबणीत शिरतो, आणि दोन्ही स्ट्रोब (पाण्याखालचे फ्लॅश) त्याच्या कडेला अगदी जवळ आणता येतात, त्यामुळं वीतभर अंतरावरच्या विषयावरही उजेड पोचतो.

दुसऱ्या हंगामात याच जोडीनं काढलेला एक फोटो सांगतो. खडकाच्या कपारीत गोबरा मासा बसला होता, वीत-दीड वीत लांबीचा. जागचा हलत नव्हता. मी श्वास सावकाश सोडत सोडत डोम त्याच्या तोंडापासून एका वितीवर नेला. फोटोत त्याच्या ओठांवरचे ठिपके मोजता येतात, मागं सगळा खडक, वर पृष्ठभाग आणि त्यात होडीचा काळा तळ, हे सगळं एका चौकटीत. पाणी तेच होतं, आदल्या हंगामासारखंच गढूळ. मधलं अंतर तेवढं बदललं होतं.

याची दुसरी बाजूही आहे. जवळचं राक्षसाएवढं आणि लांबचं मुंगीएवढं करणं हा या लेन्सचा स्वभाव. तीन फुटांवरचा मासा फोटोत शोधावा लागतो. लाजऱ्या, दूर राहणाऱ्या माशांसाठी ही लेन्स घेऊच नका. आणि १८० अंश म्हणजे खरोखर १८० अंश : स्वतःच्या स्ट्रोबचे हात, शेजारच्याच्या पायातला फिन, आपलेच बुडबुडे, सगळं कोपऱ्यातून आत येतं. स्ट्रोब नेहमी डोमच्या कडेच्या मागं ओढून, तोंड किंचित बाहेरच्या बाजूला वळवून ठेवायचे. त्यानं फक्त उजेडाची कड विषयावर पडते आणि मधल्या पाण्यातले कण पेटत नाहीत. सूर्य चौकटीत घ्यायचा असेल तर आयएसओ १००, शटर १/२५० आणि छिद्र एफ/११ च्या पुढं. एवढ्यावर किरण वेगवेगळे दिसतात.

डोम आणि लेन्स यांच्या मधली एक्स्टेंशन रिंग ही सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. डोमच्या गोलाचा मध्य आणि लेन्सची जिथून प्रकाश आत शिरतो ती जागा एका ठिकाणी यायला हवी, ते काम ही रिंग करते. मला एका विक्रेत्यानं "ही बसते" म्हणून जी पाठवली ती बसली, पण लांब होती. पहिल्या डाइव्हला चारी कोपऱ्यांत काळ्या सावल्या. बदलून घ्यायला दोन महिने आणि कुरिअरचा खर्च गेला. रिंग घेताना तुमचं हाउसिंग, डोम आणि लेन्स या तिघांची नावं सांगून कंपनीच्या पोर्ट तक्त्यातला (कुठल्या लेन्स-डोमला किती लांब रिंग तो तक्ता) आकडा लेखी मागा. "बसते" आणि "जुळते" यांत फरक आहे.

आता विहीर. मंगळवेढा तालुक्यात माझ्या मामांची काळ्या रानात जुनी दगडी बांधीव विहीर आहे. मी तिथंच पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. मालवण गाडीनं आठ-नऊ तासांवर, आणि जानेवारीत पाणी चांगलं असतं तेव्हा आमच्याकडं सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, ती सोडून मी कुठं जात नाही. मग वर्षातून समुद्र किती मिळणार? हात बसवायला विहीर बरी. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं, उन्हाचा सोट दुपारी बारा ते एकच्या मधे थेट तळाकडं जातो.

खाली उतरण्याआधी स्टार्टर बंद करायचा आणि फ्यूज काढून मामांच्या खिशात द्यायचे. हे मी कधीही चुकवत नाही. वीजपंप असलेल्या विहिरीत कुणीही चुकवू नये. शिवाय काठावर एक पोहणारा माणूस आणि पाण्यापर्यंत सोडलेला दोर. सिलिंडर नाही, नुसता दम धरून दहा-बारा फूट.

तिथून वर बघितलं की जे दिसतं त्यासाठी ही लेन्स जणू बनवली आहे. पाण्याखालून वर बघताना बाहेरचं सगळं जग एका ९७ अंशांच्या गोल खिडकीत गोळा होतं, त्या खिडकीबाहेर पृष्ठभाग म्हणजे नुसता आरसा. फिशआय हा शब्दच यातून आला आहे. रॉबर्ट वुड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञानं १९०६ साली पाणी भरलेला कॅमेरा करून मासा वर कसा बघतो याचे फोटो काढले होते. माझ्या जुन्या १०-२० ला उभ्या बाजूनं ७६ अंशच मिळायचे, खिडकी वर-खाली कापली जायची आणि भिंती तर यायच्याच नाहीत. टोकिनाला उभ्या बाजूनं ९२ अंश मिळतात. खिडकीची कड इथंही वर-खाली जराशी कापली जाते हे खरं, पण विहिरीचं तोंड पुरं बसतं आणि दोन्ही बाजूंनी दगडी बांध खाली पाण्यापर्यंत उतरताना दिसतो.

गेल्या मे महिन्यात काढलेल्या फोटोत मधोमध आभाळाचा पांढरा-निळा गोल आहे, त्याच्या कडेनं वाकून बघणारी सहा डोकी, पायऱ्यांची नागमोडी रांग, आणि एका बाजूनं माझा भाचा मुटका मारून नुकताच पाण्यात शिरलेला. त्याच्या भोवती बुडबुड्यांचा पांढरा खांब. गुडघे छातीशी, गाल फुगलेले, डोळे गच्च मिटलेले. भाचा माझ्यापासून दोन फुटांवर होता म्हणून एवढा मोठा आला, विहिरीचं तोंड पंचवीस फूट वर होतं म्हणून थाळीएवढं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मामांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि कडेच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "आरं, ही माझी टोपी की रं! समदी हीर आली की ह्यात!"

पायऱ्या प्रत्यक्षात सरळ आहेत, फोटोत त्या वाकल्या आहेत. विहिरीत मला ते शोभून दिसतं, कारण बांधच गोल आहे. शहरातल्या एका तरणतलावात पोहणाऱ्या मुलांचे फोटो काढायला बोलावलं होतं तिथं मात्र जमलं नाही. तळाच्या काळ्या फरशीच्या रेषा धनुष्यासारख्या वाकल्या, पुढं आलेला हात खांबाएवढा आणि मागं चेहरा लिंबाएवढा. कोचना तो फोटो पसंत पडला नाही आणि त्यांचं बरोबर होतं, त्यांना हाताची फेक तपासायची होती. तलावात, बुडालेल्या भिंती-कमानींत, किंवा हल्ली लग्नाआधी पाण्याखाली साडी नेसून जे फोटो काढतात त्यात जुनी सरळ लेन्सच घ्या. तिच्यातही चेहरा कोपऱ्यात गेला की ओढला जातो, तेव्हा चेहरे मध्याजवळ ठेवा. फिशआयच लावावी लागली तर १७ मिलिमीटरवर, आणि दोन हात लांबून.

आठ इंची डोमही मी विकलेला नाही. अर्धं दृश्य पाण्यावरचं, अर्धं पाण्याखालचं अशा फोटोला तोच लागतो. सिंधुदुर्गाचा तट वर आणि प्रवाळ खाली असा एक फोटो मला तीन हंगाम हवा होता. छोट्या डोमवर एक लहानशी लाटही सगळी काच गिळते आणि पाण्याची रेघ जाड येते. मोठ्या डोमवर तीच रेघ बारीक होते. या फोटोत फोकस पाण्याखालच्या भागावर, कारण तो वाकडा पडदा तिथंच आहे, छिद्र एफ/१४-१६, आणि वरचे थेंब जायला डोम बुडवून लगेच वर काढायचा. मागच्या फेब्रुवारीत सकाळी आठच्या सुमाराला मिळाला. माझा डोम ॲक्रिलिकचा आहे. काचेपेक्षा लवकर ओरखडतो, पण पॉलिश करता येतो, आणि बारीक ओरखडे पाणी भरून पाण्याखाली दिसेनासे होतात.

फुल फ्रेमवाल्यांसाठी, म्हणजे ज्यांचा सेन्सर माझ्यापेक्षा मोठा त्यांच्यासाठी, कॅनन ८-१५ एफ/४ आणि निकॉनची २०१७ ची ८-१५ या लेन्स जास्त पैशांत दोन गोष्टी देतात : ८ ला चौकटीत पूर्ण गोल, १५ ला भरलेली चौकट. मायक्रो फोर थर्ड्स या आणखी लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांत पॅनासॉनिकची ८ मिलिमीटर फक्त १६५ ग्रॅमची, ऑलिंपसची ८ मिलिमीटर एफ/१.८ अंधारात बरी. हाउसिंगच्या बाहेरून पाण्यातच लावता-काढता येणाऱ्या वेट लेन्स हा तिसरा मार्ग. नॉटिकॅमची डब्ल्यूडब्ल्यूएल-१ अशी १३० अंश देते. ती लावल्यावर मधला बुडबुडा झटकून बाहेर काढायला विसरू नका. पहिल्यांदाच सुरुवात करणाऱ्यानं यापैकी काहीही घेण्याआधी पाण्यात नीट तरंगायला शिकावं. डोम वीतभर अंतरावर न्यायचा तर शरीर स्थिर हवं, नाहीतर फिनचा एक फटका आणि वर्षानुवर्षं वाढलेलं प्रवाळ तुटलं.

सोलापूरकरांसाठी खास सांगायची गोष्ट ओ-रिंगची, म्हणजे हाउसिंगच्या सांध्यात पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याची. आमच्या शेडमध्ये हवेत कापसाचा बारीक तंतू कायम उडत असतो. पहिल्या वर्षी मी हाउसिंग कारखान्याच्या ऑफिसात बसून बंद केलं. रात्री घरी हौदात बुडवून तपासलं तर एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. उघडून भिंगाखाली पाहिलं : ग्रीसमध्ये अडकलेला एक पांढरा धागा, पापणीच्या केसाएवढा. तेव्हापासून माग चालू असताना शेडच्या आवारात हाउसिंग उघडायचंच नाही. घरी, पंखा बंद करून, ओल्या फडक्यानं फरशी पुसून, ओ-रिंग बोटांत फिरवत केस-धागा हाताला लागतो का बघायचं, मग बंद करायचं. प्रत्येक वेळी कॅमेरा न ठेवता आधी हौदात अर्धा तास. मालवणला एसी खोलीत बंद करायचं, आत सिलिका जेलची पुडी, नाहीतर दमट हवा आत कोंडते आणि गार पाण्यात उतरताच डोम आतून धुरकटतो. गाडीच्या डिकीत दुपारी ठेवू नका, आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे.

या लेन्समध्ये मला एकच खटकतं : हाउसिंगच्या बाहेरून झूम फिरवायला लेन्सवर वेगळा गिअर लागतो आणि तो माझ्या हाउसिंगसाठी जुन्या बाजारात अजून मिळालेला नाही. म्हणून उतरण्याआधीच ठरवावं लागतं. गढूळ पाणी, कपार, विहीर असेल तर १०. पाणी निवळ असेल, मासे सावध असतील तर १५-१७. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाला मालवणपेक्षा निवळ पाणी मिळालं, तिथं मी १७ लावून उतरलो आणि कासव अडीच हातांवर आलं तरी चौकटीत भरलं. त्याच दिवशी खडकाखालच्या माशांच्या गर्दीसाठी १० हवं होतं, ते राहून गेलं.

जुनी घेणार असाल तर पुढची फुगीर काच आधी उन्हात तिरकी धरून बघा, तिच्यावर फिल्टर लागत नसल्यामुळं ओरखडे तिथंच पडतात. मग कॅमेऱ्याला लावून एखाद्या उभ्या खांबावर १० आणि १७ ला फोकस करून बघा, मोटरचा आवाज अडखळतो का ऐका. आणि जमलं तर एक चादर बरोबर न्या.